दहा बादल्यांतली एक

पाथर्डीच्या स्टँडवरच्या फळ्यावर अठरा गावांची नावं होती. अकरा नावांवर खडूची रेघ मारलेली, म्हणजे तिकडची एसटी बंद. पहिल्या चार रेघा पट्टी लावून ओढलेल्या, पुढच्या नुसत्या हाताने.

*

समुद्राचं पाणी आधी गाळून घेतात. मग ते जमिनीत कोसभर खोल दाबतात. पाणी खाली जातं आणि तेल वर ढकलतं. असं गोरक्षनाथने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. लंकाबाई म्हणाली होती, "समुद्र हिरीत घालायचा, याला पगार देत्यात व्हय रं?"

*

छबूबाईच्या चकल्यांना यंदा चुलीच्या धुराचा वास होता.

*

साडेतीन फूट. पाच फूट.

*

शेळ्यांच्या जुन्या छपराला नवं पितळी कुलूप. दार पत्र्याचं, कडी तारेने बांधलेली.

*

"नाना म्हनतील तसं कर," श्रीमंत म्हणाला. बायकोला जीपपर्यंत सोडायला आलेला माणूस, पण तिच्याकडे न बघता जीपच्या टायरकडे बघत होता.

*

दुपारी एकच्या सुमाराला पुष्पावती राहात्याच्या अलीकडे पाटाच्या चारीवरच्या पुलावर उतरली. नगरपर्यंत एक जीप, नगरहून दुसरी. नवऱ्याकडून निघताना अंगावर असलेल्या साडीच्या निऱ्या आता कुठल्या कुठे गेल्या होत्या. त्या एका हाताने सावरत ती बांधाबांधाने माहेराकडे निघाली आणि उसापाशी थांबली.

पंचवीस वर्षं कोयता चालवलेल्या बाईचे पाय ऊस दिसला की आपोआप थांबतात. किती दाट आहे, किती लोळलाय, जनावरांना वाढं किती निघेल. पण आज ती उसाकडे बघत नव्हती. उसाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

सरी रुंद होती. तिने वाकून हाताने मोजली. तीन हात आणि वर पाऊण वीत.

बाप पुंजाराम होता तोवर या रानात साडेतीन फुटाचीच सरी पडायची. माणसाने हाताने ऊस तोडायचा तर तेवढी पुरते. पाच फूट लागते ती मशीनच्या चाकांना. आणि ऊस आडसाली होता, म्हणजे लागण गेल्या वर्षीच्या आषाढातली. सोळा महिन्यांपूर्वी कुणीतरी या बांधावर उभं राहून ठरवलं होतं, की हा ऊस कोयत्याने तुटणार नाही. गेल्या दिवाळीत ती टोळीबरोबर दुसऱ्या कारखान्यावर होती, म्हणून तिला हे दिसलं नव्हतं. यंदा कुठल्याच कारखान्याची तारीख ठरत नव्हती. डिझेल किती मिळणार हे कुणाला सांगता येत नव्हतं. त्यामुळे भाऊबीजेला ती मोकळी होती.

आणि मशीन घ्यायचं का, हे विचारायला तिला फोन आला होता तो आठ दिवसांपूर्वी. मोठा भाऊ रामहरी फोनवर म्हणाला होता, "तुझ्या सहीबिगर पान हलनार न्हाई, पुष्पे."

पान सोळा महिन्यांपूर्वीच हललं होतं.

*

लंकाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. वय झालं तरी बोटं चलाख.

"कशानं आलीस?"

"जिपानं."

"बसून का उभी?"

"नगरपातूर उभी. तिथनं एका बाईच्या मांडीवर."

"कुनाच्या?"

"काय म्हाईत. चांगली हुती बिचारी."

लंकाबाईने आजूबाजूला बघितलं आणि लेकीला खाली ओढलं. "छबू काय सांगंल त्यावर जाऊ नको. रेश्मा सांगंल त्यावरबी जाऊ नको."

"मंग कुनावर जाऊ?"

"माझ्यावर जा, असं म्या कुटं म्हनले?"

तेवढ्यात थोरली भावजय छबूबाई तांब्या घेऊन बाहेर आली. पंचवीस वर्षांत ती नणंदेला पाणी द्यायला अंगणापर्यंत कधी आली नव्हती. नणंदेनेच आत जाऊन माठातून घ्यायचं, अशी या घराची रीत. आज तांब्याबरोबर गूळसुद्धा होता.

"ताई, लई वाळलात वो तुमी."

"ऊन हाय वैनी."

"आनि ह्यो प्रवास! ह्येंना म्हनले म्या, ओमला मोटारसायकल घेऊन धाडा. पन पंपावर मंगळवार आनि शुक्रवारच देत्यात. तेबी टाकी घेऊन जायचं, कॅनमदी न्हाई."

पुष्पावतीने गूळ तोंडात टाकला. गोड बोलणाऱ्या भावजयीपेक्षा तोंड फिरवणारी परवडते, असं तिच्या मनात आलं. निदान ती काय मागणार नाही हे ठाऊक असतं.

*

हे आधी सांगायला हवं होतं. पुंजाराम मूळचा पाथर्डीकडचा, कोयता घेऊनच इकडे आला. पाटाचं पाणी बघितलं आणि माघारी गेला नाही. इथे अकरा एकर केली. पोरगी मात्र आपल्यातल्या माणसांत द्यायची म्हणून पुन्हा पाथर्डीकडेच दिली. जिथून सुटला तिथे लेक पाठवली. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर आता चार नावं: लंकाबाई, रामहरी, गोरक्षनाथ, पुष्पावती.

रामहरीला चारीकडची चार एकराची पट्टी विकून ऊस तोडायचं मशीन घ्यायचं होतं. अख्ख्या तालुक्यात फिरवायचं. चार सह्या लागत होत्या. लंकाबाईची सही म्हणजे अंगठा. तो रामहरी धरवील त्या दिवशी होणार. गोरक्षनाथ नाही म्हणत होता. राहिली पुष्पावती. ती ज्या बाजूला पडेल त्या बाजूला दोन होणार होते, आणि उरलेल्या एकाला वाकावं लागणार होतं. तिच्या स्वतःच्या घरात, तिकडे पाथर्डीला, बारा कोयत्यांची टोळी होती. नवरा तिचा मुकादम. मशीन आलं की त्या बारांच्या हातांना काम उरणार नव्हतं.

हे रामहरीला ठाऊक होतं. म्हणूनच गूळ.

*

मधल्या खोलीत दोन पाट मांडले होते. भावाभावांच्या पाटांत एरवी वीतभर अंतर असतं, आज मधे एक खुर्ची सहज बसली असती. रामहरीने टोपी घातली. धाकटा गोरक्षनाथ, पुष्पावतीचा नाना, उघड्या डोक्याने बसला, मग छबूबाईने त्याच्या डोक्यावर रुमाल टाकला. आठ महिन्यांपूर्वी तो आखातातल्या तेलाच्या विहिरींवरून कायमचा परत आला होता. बावीस वर्षांनी. कातडी रापून चपलेसारखी झालेली, आणि बोलायच्या आधी थांबायची सवय. त्याचं थांबणं या घरात कुणालाच आवडत नसे. थांबणारा माणूस काहीतरी जुळवत असतो, असं सगळ्यांना वाटे. पुष्पावतीलाही.

त्याची बायको रेश्मा दाराला टेकून उभी होती. ती इतकी वर्षं मुलांना घेऊन नाशकात राहिलेली. या घरात तिला अजून भांडी सापडत नव्हती.

पुष्पावतीने दोघांना ओवाळलं. गोरक्षनाथने ताटात सोन्याचा मणी टाकला. रामहरीने साडी ठेवली. साडी जड लागली. तिने उचलून बघितली तर खाली प्लॅस्टिकच्या फोल्डरात कागद.

"ओवाळनीत कागद?"

"साडी तुजी, कागद आपल्या सगळ्यांचा," रामहरी म्हणाला. "पेन ओमपाशी हाय."

रामहरीचा मुलगा ओम पेन काढूनच उभा होता. मशीनचं वेड त्याचं. त्याच्या मोबाईलवर त्या मशीनची चाळीस चित्रं होती.

"आत्या, दिवसाला पाच एकर तोडतं. धूर नाही, पाचट नाही, भांडण नाही."

"आनि मानसं न्हाईत," पुष्पावती म्हणाली. "सरी कवा केलीस रं पाच फुटाची?"

ओमने बापाकडे बघितलं.

"ती पट्टा पद्धत हाय," रामहरी घाईने म्हणाला. "हवा खेळती ऱ्हाते. कृषी खात्याची मानसं सांगत्यात."

"मला उसातलं शिकवू नको दादा. वरंब्यावर माती किती लावलीय ते बघितलं म्या. मशीनच्या पात्याला लागती तेवढीच हाय. आषाढातच ठरलं हुतं तुमचं."

"ठरलं म्हंजी काय? इचार केल्ता. मानसानं इचार करू ने का?"

"मला आठ दिसामागं इचारलं."

"आगं, इचार पिकल्यावर इचारायचं. कच्चा असताना काय इचारायचं?"

लंकाबाई कोपऱ्यातून खोकली. तो खोकला होता की हसणं, ते कळलं नाही.

*

"पुष्पे, सही करू नको," गोरक्षनाथ म्हणाला. इतका वेळ थांबून मग.

"बोलला!" रामहरीने मांडीवर हात मारला. "आठ महिनं ह्येच. तेल संपनार, तेल संपनार. आरं, तेल संपत न्हाई, तेल दाबत्यात! त्र्याहत्तर सालीबी असंच झालं हुतं. आये, सांग की. रॉकेल मिळत न्हवतं, व्हय ना?"

"व्हतं खरं," लंकाबाई म्हणाली. "दोन वर्सं मी अंधारातच सयपाक केला."

"आनि मंग? आलं का न्हाई पुन्ना?"

"आलं."

"झालं तर! कुनीतरी दाबतंय. इलेक्शन झालं की सोडतील. मशीनला पैलं डिझेल देनार, तसा शब्द हाय आपल्याला."

"कुनाचा?"

"हाय एकाचा."

"दादा, म्या बावीस वर्सं त्या हिरीवर काढली."

"आनि मंग आता हितं का? तिकडं एवढं कळत हुतं तुला, तर त्यांनी काढलं का?"

"काढलं न्हाई. मी सोडलं."

"असं सगळीच म्हनत्यात."

ओमला राहवलं नाही. "काका, मी तुमच्या कंपनीची साईट बघितली. भरती चालूय. तेल संपत आलं असतं तर माणसं कशाला घेतली असती?"

"कशाची भरती, ते वाचलंस?"

"पंप ऑपरेटर."

"कशाचा पंप?"

ओमने मोबाईल काढला. अंगठ्याने वर सरकवत गेला. मग हळूच म्हणाला, "पाण्याचा."

"हां." गोरक्षनाथने डोक्यावरचा रुमाल काढून घडी घातली. "हीर भरात असती तवा तेल आपसुक वर येतं. उतरली की पानी दाबावं लागतं. जेवढी उतरंल तेवढं जास्त पानी. मी गेलो तवा दहा बादल्या वर आल्या तर नऊ तेलाच्या, एक पान्याची. निघालो तवा नऊ पान्याच्या हुत्या, तेलाची एक."

दहा बादल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात. पुष्पावतीच्या तरी आल्या. पितळी, कडीच्या, बापाच्या विहिरीवरच्या.

मग रामहरी हसला. अगदी मोकळं.

"आरं, मंग दुसरा बोअर घ्यायचा! एका बोअरवर कोन थांबतंय? आपन थांबलो का? बानं दोनशे फूट घेतला. तो आटला, म्या चारशे घेतला. तोबी आटला, ह्या ओमनं साडेसातशे घेतला. त्येंला काय मशिनी कमी हायेत?"

"साडेसातशेला किती लागलं?" पुष्पावतीने विचारलं.

ओम पेनाचं टोपण उघडमीट करत राहिला. "अर्धा इंच."

"आनि दोनशेला?"

"अडीच," लंकाबाई म्हणाली. "पैल्या दिशी तुजा बा त्यात भिजून नाचला हुता. धोतर सुटलं तरी नाचतोय."

"त्येंनीबी तेच केलं, दादा," गोरक्षनाथ म्हणाला. "आपल्यासारखंच. आधी रानात, मंग समुद्रात, मंग समुद्रात आनखी लांब. दर बारीला खोल, दर बारीला थोडं. तिथली मोठमोठी सायबं आपल्यावानीच बांधावर उभी ऱ्हाऊन म्हनायची, आजून एक घेऊ, ह्याला लागंल."

रामहरीचं हसू थोडं उशिरा थांबलं. पुष्पावतीने ते बघितलं. दादाला पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच आता तो दुसरीकडून येणार, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी विटीदांडूत हरायला लागला की तो दांडूच्या लांबीचा वाद काढायचा.

*

"मंग छपरात काय हाय?" रामहरी म्हणाला.

गोरक्षनाथ थांबला.

"बघ थांबला! पुष्पे, तूच इचार. शेळ्यांच्या छपराला पितळी कुलूप कशाला? आमी तिकडं फिरकलो की हा मागं मागं. ओमला वास आला. सांग रं ओम."

"तेलाचा वास येतो आत्या. दाराच्या फटीतून. घट्ट वास."

"हा आमाला म्हनतो तेल संपनार. आनि सोता डरम भरून ठिवतो. आपन भ्यायचं, पट्टी विकायची न्हाई, मशीन घ्यायचं न्हाई. उद्या सगळ्या तालुक्यात तेल न्हाई, आनि राजा कोन? हा!"

"दादा, डरम न्हाईत तिथं."

"मंग उघड."

"आज सणाचं नको."

"सणाचंच उघड. बहीण आलीय."

गोरक्षनाथने बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, आणि ती कशाची हे तिला कळेना. तेल असेल तर असू दे, असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा. पण नवऱ्याचे शब्द कानात आले. नाना म्हनतील तसं कर. श्रीमंतने आजवर तिच्या माहेरच्या कुठल्याही गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. तो सासऱ्याच्या बाराव्यालाही कोपऱ्यात बसून जेवून गेलेला माणूस.

"उघड नाना," ती म्हणाली.

"किल्ली सापडत न्हाई."

तेव्हा रेश्मा दारातून पुढे आली. कमरेचा जुडगा सोडला, एक पितळी किल्ली काढली आणि नवऱ्याला न देता नणंदेच्या हातात ठेवली.

"मलाही सांगत नाहीत," ती म्हणाली. "आठ महिने मीही वासच घेतेय. ही आज सकाळी त्यांच्या खिशात सापडली."

छबूबाईने जावेकडे असं बघितलं, जणू ती आज पहिल्यांदा दिसली.

*

छपरात ड्रम नव्हते.

वासही डिझेलचा नव्हता. कोपऱ्यात वंगणाचे चार डबे होते, गाडीच्या आसाला घालतात ते. आणि मग डोळे अंधाराला सरावले तशी एकेक गोष्ट दिसत गेली. टायरच्या बैलगाड्यांची चाकं, भिंतीला लावून ठेवलेली, एकवर एक. आस. गाड्यांच्या साट्या. कासऱ्यांचे वेटोळे. बैलांच्या पायांचे नाल, गोणीभर. आणि मधोमध सरपणासारखी रचलेली जुवं. तीस असतील, चाळीस असतील.

"भंगार?" ओम म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा होती.

रामहरी मात्र भंगार म्हणाला नाही. त्याच्या डोक्यात हिशेब लागला होता. चेहऱ्यावर आधी राग येईल असं वाटलं, पण आला तो मत्सर. "गाड्या गोळा करतोय," तो हळू म्हणाला. "ट्रॅक्टर थांबले की कारखान्याला गाड्या लागनार. तालुक्यात गाड्या उरल्यात किती? सगळ्यांनी मोडल्या. आनि मोडलेल्या ह्यानं उचलल्या."

पुष्पावती जुवांपाशी वाकली होती. वरून तिसरं जू बाभळीचं. डाव्या अंगाला चीर गेलेली, त्यावर लोखंडी पट्टी, आणि पट्टी हलू नये म्हणून खाली लुगड्याचा तुकडा दाबून बसवलेला. हिरवा, बारीक चौकडीचा. त्या लुगड्याचं दुसरं टोक तिच्या गोधडीत होतं.

श्रीमंतने श्रावणात सांगितलं होतं, जुवं सुताराकडे टाकली. दसऱ्याला विचारलं तर म्हणे सुतारच आजारी.

तिने ते जू उचलून दारापर्यंत आणलं. उजेडात धरलं.

"नाना. हे आमच्या दारातलं हाय."

गोरक्षनाथ थांबला, पण या वेळी त्याचं थांबणं वेगळं होतं.

"पाव्हनं भागीदार हायेत," तो म्हणाला. "बैलं त्येंच्याकडं, तिसगावच्या माळावर. सांगनारच हुतो तुला. सही झाली की."

"कसली सही? तू तर करू नको म्हनलास."

"म्हंजी, सही न्हाई केलीस की मंग."

"आस्सं." ती उंबऱ्यावर बसली. जू मांडीवर आडवं. "ह्याला मी मशीनसाठी पायजे. तुला मी मशीन आडवायला पायजे. आनि माझ्या मालकाला मी कशाला पायजे, ते तुमी दोघांनी बसून ठरवलं. एक सांग मला. सरळ सांग. ते दहा बादल्यांचं खरं, का हा गाड्यांचा धंदा खरा?"

"दोनी खरं हाय, पुष्पे."

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. आणि तेच वाईट होतं. खोटं बोलला असता तर तिला एका बाजूला पडता आलं असतं.

*

सगळी पुन्हा मधल्या खोलीत आली. कुणी कुणाला बोलावलं नाही, तरी आली. फक्त बसायच्या जागा बदलल्या होत्या. छबूबाई आणि रेश्मा दोघी चौकटीत, खांद्याला खांदा लागेल अशा. ओम पायरीवर. पुष्पावती पाटावर, भावाच्याच पाटावर, आणि कागद तिच्यापुढे.

तिने पेन मागितलं. ओमने धावत दिलं. गोरक्षनाथ पुढे सरकला.

"सही करते," ती म्हणाली. "पन ह्यावर न्हाई. वाटनीच्या कागदावर. चारीकडची पट्टी माझी करा. बाकी सात एकर तुमी दोघं आनि आई. तिथं मशीन लावा, न्हाईतर बैलं बांधा. मी कुनालाच आडवत न्हाई."

आधी कुणाला नीट ऐकूच आलं नाही जणू.

मग रामहरी म्हणाला, "पुष्पे, आज भाऊबीज हाय."

आणि गोरक्षनाथ म्हणाला, "पट्टी कशाला? तुला नको म्हनतंय कोन, पन पट्टी कशाला? पान्यावरची तेवढीच हाय."

"आता ह्येच म्हनत हुतो मी," रामहरी म्हणाला.

"बैलांना चारा तिथंच करायचा हाय," गोरक्षनाथ म्हणाला.

"न्हाई तर काय! ते अख्ख्या घराचं रान हाय."

"पुष्पे, दादाचं ऐक जरा."

आठ महिने ज्यांनी एकमेकांच्या ताटाला ताट लावलं नव्हतं, ते दोघे एका पाटावर बसले होते. कधी बसले ते त्यांनाही कळलं नसावं. रामहरीचा हात गोरक्षनाथच्या गुडघ्यावर होता. दोघांची तोंडं बापासारखी, हनुवटी पुढे काढलेली. पुष्पावतीला त्यांचा राग आला नाही. गंमत वाटली, आणि गंमत वाटल्याची भीती वाटली. कोसभर खोल समुद्र दाबणारा माणूस आणि पाच फुटाची सरी पाडणारा माणूस, दोघांनाही जग कुठे चाललंय ते आपापल्या परीने दिसत होतं. त्या जगात ती कुठे बसेल, एवढंच दोघांना दिसलं नव्हतं.

"पाथर्डीला तुला काय कमी हाय?" रामहरी म्हणाला.

"पानी," ती म्हणाली.

रेश्मा फसकन हसली. छबूबाईने तिला कोपर मारलं, पण स्वतःचा पदर तोंडाला लावला.

"आये, तू सांग हिला," रामहरी आईकडे वळला.

लंकाबाई इतका वेळ शेंगांची टरफलं सुपात गोळा करत होती. "काय सांगू? तुज्या बानं ती पट्टी घेतली तवा कुदळीला पैला हात म्या घातला. तवा कुठं माझं नाव लागलं? तो मेल्यावर लागलं." तिने टरफलांवर फुंकर मारली. "हिनं जित्तेपणी मागितलं तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"म्हंजी तू अंगठा देनार न्हाईस?"

"कुटं म्हनले? देनार न्हाई असंबी म्हनले न्हाई." आणि तिने हात पदराखाली घेतले. दोन्ही.

पुष्पावतीने पेनाला टोपण लावलं. साडी घडीसकट पाटावर ठेवली, कागद साडीवर. गोरक्षनाथचा मणी निरांजनापाशी होता, तोही कागदावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"ताई, जेवून तरी जा," छबूबाई म्हणाली. या वेळी तिचा आवाज गोड नव्हता, साधाच होता. पुष्पावतीला तो पहिल्यांदा खरा वाटला.

"जीप गेली तर रातभर पुलावर बसावं लागंल वैनी. बांधून द्या."

छबूबाईने चकल्या बांधून दिल्या. रेश्मा पुलापर्यंत तिच्याबरोबर चालत आली. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. उसापाशी रेश्माने विचारलं, "ताई, माझं नाव लागायला मी काय करू?" पुष्पावतीने पितळी किल्ली तिच्या हातात परत ठेवली. म्हणाली, "आधी ही किल्ली मागतील. ती देऊ नका."

*

पुलावर तिने श्रीमंतला फोन लावला. ऊन कलत होतं, पण उजेड भरपूर होता. पलीकडे बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

"माळावर हाय व्हय?" तिने विचारलं.

"न्हाई, घरी हाय."

"घरी घुंगरं कवापासनं वाजाया लागली?"

पलीकडे श्रीमंतने बैलाला हाकललं.

"सुतार बरा झाला का?"

"पुष्पा, ऐक..."

"मी जू बघितलं. हिरव्या लुगड्याचं." तिने रस्त्याकडे बघितलं. दोन्ही बाजूंना काही येत नव्हतं. "आता माझं ऐका. सही केली न्हाई. दादाच्या कागदावर न्हाई, नानाच्या धंद्यावर न्हाई. मी पट्टी मागितलीय. दोघांनी न्हाई म्हनून सांगितलं, एका पाटावर बसून. उद्या सकाळी तुमी मला पाथर्डीच्या तहशिलीत घेऊन चला. वाटनीचा अर्ज कसा करत्यात ते इचारायचंय."

"भावांवर अर्ज? लोकं काय म्हनतील?"

"लोकांचं मंग बघू. तुमी काय म्हनताय ते सांगा."

बराच वेळ नुसती घुंगरं. ती फोन कानाला धरून उभी राहिली. नवरा काय जुळवतोय, ते तिला ऐकू येत होतं जवळजवळ: पट्टी बायकोची झाली तर चारा कुणाचा, बैलं कुणाची, गोरक्षनाथला काय सांगायचं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या बाजूचा आहे की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं. आणि पहिल्यांदाच त्याच्या उत्तरावर तिचं काही अडलेलं नव्हतं.

"कशानं जायचं तहशिलीत?" शेवटी श्रीमंत म्हणाला. "गाडीत तेल न्हाई."

"बैलं हायेत की तुमच्याकडं. जुंपा."

तिने फोन ठेवला आणि पुलाच्या कठड्यावर बसून चकलीचा तुकडा मोडला.

त्या हंगामातला शेवटचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकोणीस जानेवारीला आला, सकाळी साडेदहा वाजता. त्याच्यामागे रांगेत सगळ्या बैलगाड्या होत्या.